सरकारचं ‘पण’

त्या दिवशी कारध्याच्या विहारात बायकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, त्या माझ्या चुकीला.

महिलांच्या हक्कांचा जो जगभरचा करार आहे, त्यावर आपल्या देशानं सही केली आहे, पण हातचं राखून. इंग्रजी कागदात त्या राखण्याला ‘रिझर्व्हेशन’ म्हटलं होतं. मी भंडाऱ्याच्या शाळेत शिकवते, म्हणून महिला मंडळानं पत्रकाचं मराठी माझ्याकडे दिलं. मी घाईत लिहून टाकलं, ‘लग्नाच्या नोंदणीच्या कलमावर सरकारने आरक्षण ठेवले आहे.’ ते वाचलं मात्र, पुढे बसलेल्या बायांचे चेहरे खुलले. आमच्या वस्तीत आरक्षण हा चांगला शब्द. त्याच्या जोरावर बाबांना नोकरी लागली, गावाला बाई सरपंच मिळाली. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझी आईही होती.

मग मला लाजत-लाजत खरं सांगावं लागलं, की हे आरक्षण नव्हे, सहीसोबत घातलेली अट आहे. सरकार म्हणतं, लग्नाची नोंद सक्तीची असावी हे तत्त्वतः मान्य आहे, पण देश मोठा, चालीरीती नाना, शिक्षण कमी, तेव्हा ते जमण्यासारखं नाही.

“म्हंजे तुह्या बाबासारखं,” आई भर सभेत म्हणाली. “हो म्हणते, अन् मंग ‘पण’ म्हणते.”

सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. आमच्या राज्यात ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद होते, आणि आई ती करा म्हणून कितीतरी वर्षं बाबांच्या मागे लागली होती. बाबा म्हणायचे, हो, जाऊ, पण धानाचा रोवणा होऊ दे. हो, पण पोरीची परीक्षा आहे. असं करता करता मागच्या वर्षी बाबांना लकवा मारला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. त्याच सुमारास शेजारची बाई विधवा झाली आणि दिरानं तिला तोंडावर विचारलं, लग्नाचा कागद कुठे आहे? तेव्हापासून आई रोज नोंदीचं काढू लागली. नोंदीला नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात. बाबा आहेत तोवर तिला त्यांची बायको म्हणून कागदावर यायचं होतं. तिला बाकी काही नको होतं.

सभेहून घरी येताना तिचं चालूच होतं. “माह्या म्हशीच्या कानात बिल्ला मारून गेले. गावातल्या साऱ्या म्हशीयची नोंद झाली. तवा देश मोठा नव्हता का?”

मी तिला दुसरी अटही सांगितली. एखाद्या समाजाच्या घरगुती बाबतीत त्या समाजानं पुढाकार घेतल्याशिवाय, संमती दिल्याशिवाय सरकार हात घालणार नाही, असंही त्या सहीसोबत लिहिलेलं आहे. आई वाटेतच थांबली.

“समाज म्हंजे कोण व? मले तं कोणी इचारलं नाही.”

त्याच संध्याकाळी मी आई-बाबांच्या नोंदणीचा अर्ज भरायला घेतला.

पुढच्या सोमवारी आम्ही ऑटो करून पंचायतीत गेलो. आईनं पांढरी साडी नेसली होती. आमच्या बौद्ध लग्नात नवरी पांढरी साडी नेसते; तिचीही अशीच होती म्हणे. बाबांच्या शर्टाची बटणं लावताना ती म्हणाली, “नवरदेव दिसून राहिले,” आणि बाबा अर्ध्या तोंडानं हसले. किती दिवसांनी हसले! मला भरून आलं, म्हणून मी ऑटोवाल्यावर उगाच ओरडले.

ग्रामसेवकांनी कागद चाळले, साक्षीदारांच्या सह्या पाहिल्या आणि अर्जातली एक रिकामी ओळ दाखवली. “एवढा उशीर काहून झाला, ते कारण लिवा.”

तिथे सगळे ‘अज्ञानामुळे’ लिहितात. मीही तेच लिहायला पेन टेकवलं. तेवढ्यात बाबांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं.

“माही… चुकी,” ते म्हणाले.

ग्रामसेवक गोंधळले. आईनं पदर तोंडाला लावला. “राहू द्या ना जी,” ती बाबांना म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “दोघायची लिव, बाई.”

बाबांनी मान हलवली. “माहीच.”

मी तसंच लिहिलं. मग त्यांनी डाव्या हातानं सही केली. वाकडी, पण पूर्ण नावाची. महिनाभर ते वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर ती गिरवत होते, हे आईनं मला परतताना सांगितलं. मी त्या कडा पाहिल्या होत्या. मला वाटलं होतं, वेळ जात नाही म्हणून रेघोट्या मारतात.

दुपारी घरी मंडळाचं पत्र सह्यांसाठी माझ्या टेबलावर पडलं होतं. दिल्लीला जायचं होतं ते. करारासोबत जोडलेल्या अटी मागे घ्या, करार पूर्ण पाळा, एवढीच मागणी. आईनं सही केली. बाबांनी पत्राकडे बोट केलं, तेव्हा तिनं ते त्यांच्यापुढे ठेवलं आणि सरकू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरलं. एकेका अक्षराला वेळ लागत होता. आम्ही दोघी वाट पाहत होतो. शेवटची वेलांटी झाली तशी आईनं पत्र उचलून माझ्या हातात दिलं.

“लकवा मारलेल्या माणसानं आपली चुकी कबूल केली,” ती म्हणाली. “सरकारचे तं दोन्ही हात धड हायेत.”