अक्कांच्या कपाटातली आईची डबी

खान्देशातल्या माझ्या आयाबहिणींनो, आणि त्यांना दवाखान्यात न्यायचं उद्यावर ढकलणाऱ्या भावांनो, आपली एक जुनी तक्रार आहे. दात ठणकला की आपल्या वाट्याला दोनच गोष्टी आल्या: पक्कड आणि बोलणी. "इतके दिवस काय करत होता?" हे ऐकायला नको म्हणून आपण दाढेत लवंग धरून घरी बसलो. ज्यांच्या दवाखान्यात ही बोलणी कधीच ऐकू आली नाहीत, त्या डॉ. मंगलाताई, आपल्या सर्वांच्या अक्का, आता पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत, आणि त्यानिमित्त आपण त्यांचा सत्कार करतो आहोत.

त्यांची ओळख आईमुळे झाली. शिंदखेड्याहून तिला मी धुळ्याला त्यांच्याकडे नेलं होतं. जामनेरपासून शिरपूरपर्यंत व्यसनांवर भाषणं ठोकणारा मी. आणि माझीच आई भाजलेल्या तंबाखूची मिसरी दिवसातून चार वेळा हिरड्यांना घासत होती. हिरडीवर पांढरा चट्टा पडला होता. मी खुर्चीशेजारीच सुरू झालो. सगळ्याच बाया लावतात म्हणत आई उसळली, "दात मना शेतस, तुले काय करनं शे? बठ्ठ्या बाया लावतस!"

अक्का माझ्याकडे वळल्या. "भाऊ, भाषण मैदानात करा. इथं गप्प बसा."

चट्ट्याचा तुकडा त्यांनी तपासणीला पाठवला. अहवाल आल्यावर, आज कर्करोग नाही, पण मिसरी सुरू राहिली तर उद्याचं सांगता येणार नाही, हे त्यांनी आईला न घाबरवता आणि काही न लपवता सांगितलं. मग मिसरीची डबी मागायला हात पुढे केला.

"माय, डबी फेकानी नही. तुनीच शे. मनाजोडे ठेव. तलफ उनी की ये, आठेच लाव."

"मिसरीसाठे धुळाले येऊ का मी?"

"ये ना. चहा बी पाजसू."

तलफ आली की तिथंच येऊन लावायची, या बोलीवर डबीवर आईचं नाव लिहून त्यांनी ती काचेच्या कपाटात ठेवली. तिथं आधीच डब्यांची रांग होती. आई हट्टी. दोनदा एसटीनं गेली आणि मिसरी लावून आली. अक्कांनी शब्द पाळला, डबी दिली. फक्त त्याआधी हातात आरसा देऊन चट्टा दाखवला. तिसऱ्या वेळी आई आरशात बराच वेळ पाहत राहिली. डबी मागे सरकवून म्हणाली, "आज नुस्ता चहा दे."

मी पुष्कळ वाचलं, त्याहून जास्त बोललो. लाज वाटायला लावून कुणाची सवय सुटत नाही, हे मात्र त्या कपाटासमोर कळलं.

अक्का दात उपटायला सहजासहजी तयार होत नाहीत. हलणाऱ्या दाढेवर तासभर खपतात. ब्रश धरायला शिकवतात तेही हात धरून. "आबा, ते पातेलं नाही, हळू घासा. सकाळी एकदा, झोपायच्या आधी एकदा." असोद्याहून येणारे एक आबा हसतात आणि घासतात.

आईचा चट्टा पुढे फिकट होत गेला. आज ती भाकरीसोबत शेंगदाणे स्वतःच्या दातांनी खाते.

अक्का, तुमचा हात असाच स्थिर राहो आणि शंभराव्या वर्षी तुम्ही स्वतःच्या दातांनी ऊस सोलून खावा.

आणि आयाबहिणींनो, भावांनो, तुम्हाला सांगतो, सत्काराला हार आणू नका. पदरात, खिशात लपवलेली ती डबी आणा आणि अक्कांच्या हातात द्या. कपाटात आईच्या डबीशेजारी जागा आहे. कमी पडली, तर दुसरं कपाट मी आणून ठेवतो.