सर्व्हरचं नाव कांदा

बाळांनो, काल नवा वायफाय बसवणाऱ्याने विचारलं, "आजी, नाव काय ठेवू?" आणि माझा वीस वर्षांपूर्वीचा राग पुन्हा उफाळून आला. म्हणून हे लिहिते आहे.

तेव्हा मी नाशिकच्या एका कॉलेजच्या कार्यालयाची प्रमुख होते. कार्यालयाच्या सगळ्या फायली ज्यावर असत, तो आमचा लिनक्स सर्व्हर बसवणारा विलास लासलगावचा. त्याने सर्व्हरचं नाव ठेवलं 'कांदा'. प्रत्येक फायलीला लेबल लावणाऱ्या मला ते सहन होईना. एका दुपारी लिनक्सच्या पुस्तकात बघून मीच ते बदललं आणि 'ऑफिस-एक' केलं. सर्व्हर पुन्हा सुरू झाला, पण एकाही कॉम्प्युटरवरून हॉल तिकीट छापून येईना.

खिडकीशी एक मुलगी उभी होती. दुसऱ्या दिवशी देवळा गावच्या केंद्रावर तिचा पेपर. "मॅडम, पाचची शेवटची गाडी हाय माझी," ती सारखी सांगत होती. तापलेल्या प्रिंटरचा वास, पंख्याची घरघर, आणि फोनवर विलास अगदी शांत!

"मॅडम, नाव बदललं हे बाकीच्या मशिनींना कोण सांगणार? त्या अजून कांद्यालाच हाका मारतायत."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

दातओठ खात मी पुन्हा 'कांदा' टाइप केलं. तिकीट निघालं, ते हातात घेऊन मुलगी पळाली. गाडी मिळाली, हे तिने निकालाचे पेढे देताना सांगितलं.

कितीतरी दिवस मी विलासवर धुसफुसत होते. आता वाटतं, विचारायला हवं होतं मीच.

तो सर्व्हर कधीच भंगारात गेला. कॉलेजातल्या नव्या सर्व्हरचं नाव मात्र अजून कांदाच आहे.