हातावरची कापडं

भानू पैलवान गेला तेव्हा त्याची कापडं माझ्या हातावर होती. बीडच्या दवाखान्यात ऑपरेशनला आत न्यायच्या आधी नर्सबाईनं त्याला हिरवा झगा दिला आणि अंगावरचं सगळं नातेवाइकापाशी द्या म्हणाली. त्याचा मुलगा दत्ता पुढं झाला. भानूनं त्याला कोपरानं बाजूला सारलं आणि मला बोलावलं. धोतर, सदरा, वर घडी घातलेला रुमाल. "धर किसन्या. खाली ठिवू नको." मी म्हणालो, "जा अन् लवकर ये, मला भूक लागलीय." आमचं नेहमीचंच बोलणं ते. दार लागलं... दुपारी डॉक्टर बाहेर आले, दत्ताशी हळू बोलले. मला शब्द ऐकू आला नाही. पोराचे खांदे पडलेले दिसले, तेवढ्यावर कळलं.

आमचं गाव पालीच्या अंगाला. भानू मेंढरं राखणाऱ्याच्या घरचा, मी शेतीवाला. उमेदीच्या काळात तो जत्रा धरून कुस्त्या खेळत फिरला आणि मी त्याच्यामागं कापडं धरत फिरलो. पैलवान फडात उतरताना अंगावरची कापडं काढून आपल्या माणसाच्या हातात देतो. तालमीतल्या पैलवानामागं पोरांचा घोळका असतो. भानूमागं मी एकटा. निकाल लागल्याशिवाय कापडं भुईला लागू द्यायची नाहीत, हा आमचा दोघांचा नेम. जिंकला की तिथंच अंगात घालायचा. हरला तर आधी त्या गावची विहीर गाठून आंघोळ करायचा, मग माझ्यापुढं हात करायचा. "हारल्याली माती कापडाला कावून लावायची?" म्हणायचा. हरला म्हणून कधी कुणाला शिवी दिली नाही त्यानं.

तालीम त्यानं कधी बघितली नाही. ओढ्याच्या वाळूत चुलत्याशी झोंबून शिकलेला गडी. सिरसाळ्याकडच्या एका जत्रेत कर्ण्यावर पुकारणाऱ्यानं विचारलं, "पैलवान, तालीम कंची?" हा म्हणाला, "मेंढवाडा." सगळा फड हसला. हा माझ्याकडं बघून म्हणतो, "हसू दे. एडके आडवे पाडल्यात म्या, ह्यो तर मानूस हाय." आणि पाडला की. त्याच दिवशी एका नावाजलेल्या तालमीचे वस्ताद आम्हाला गाठून बोलले. राहायला जागा, दूध, बदाम, सगळं देतो म्हणाले. अट एकच. आमी सांगू ती जोड धरायची, आमी सांगू तवा सोडायची, म्हणजे मुद्दाम हरायचं. भानू म्हणाला, "मग मेंढरं कोन राखंल?" आणि रुमाल झटकून निघाला. वाटेत मी त्याला येडा म्हणालो. त्यानं ऐकून घेतलं.

दवाखान्यात आदल्या दिवशी त्यानंच तो विषय काढला. पडल्या पडल्या सगळ्या जत्रा फिरून आला होता. म्हणाला, "तालमीत गेलो असतो तर नाव झालं असतं का बे?" मी म्हणालो, "झालं असतं. तालमीचं." खोकला येईस्तोवर हसला. मग म्हणाला, "शिरूरचं तेवढं ऱ्हाऊन गेलं..."

शिरूर कासारची ती कुस्ती मी डोळ्यांनी बघितली. समोर मोठ्या तालमीचा पैलवान. भानूनं त्याला खाली धरला होता, पाठ टेकायचीच बाकी होती. तेवढ्यात पंच मधी शिरले, दिवस बुडाला म्हणाले आणि कुस्ती बरोबरीत सोडली. भानू माझ्यापुढं येऊन उभा राहिला. सगळ्या अंगाला माती. "किसन्या, जितलो न्हाई, हारलो न्हाई. कापडं कवा घालू बे?"

मला काय सांगता येईना. तसाच उघडा, टेंपोच्या हौद्यात कुडकुडत घरापर्यंत आला, मी शेजारी कापडं घेऊन. दारात माझी बायको सुंदरा उभी.

"काय पैलवान, जितलाव का हारलाव?"

"पंचालाच ठाव न्हाई वैनी."

"मग घाला कापडं अन् जेवा. उपाशी बसून निकाल लागनार हाय व्हय?"

त्यानं निमूट सदरा घातला आणि लई जेवला. पुढं जन्मभर सांगायचा, शिरूरचा निकाल वैनीनं दिला. तरी सल होताच. सुंदरा गेली तेव्हा मी ओसरीत बसून होतो, कुणी सांगून उठत नव्हतो. हाच आला. म्हणाला, "वैनी काय म्हनली व्हती? घाल सदरा अन् जेव." मी उठलो.

त्याची कापडं मी दवाखान्यातून घरी आणली आणि खुंटीला लावली. माझी सून म्हणाली, मयताची कापडं घरात नको. मी ऐकलं नाही. दहाव्याला हातावर घेऊन बिंदुसरा नदीच्या पाण्यावर गेलो. विधी झाला, केस उतरवलेला दत्ता पाण्यातून बाहेर आला.

"काका, ठिवा आता खाली. पाण्यात सोडू."

"खाली ठिवू नको म्हनलाय तुझा बाप."

"मग काय करायचं सांगा की."

ओल्या अंगानं कुडकुडत उभा होता. हुबेहूब बापच. शिरूरला उभा राहिला तसा. तिथं मला उत्तर आलं नव्हतं, इथं आलं. सुंदराचंच होतं ते. मी सदरा उलगडून त्याच्यापुढं धरला. "घाल. अन् घरी चल, जेव."

भावकी कुजबुजली. कुजबुजू द्या. दत्तानं सदरा घातला, खांद्यात सैल झाला त्याला. धोतर, रुमालही त्याच्याच हातात दिले.

आता कशालाच हात गुंतलेला नाही. तरी बाजारात कुठं गर्दी बघत उभा राहिलो की डावा हात आपोआप दुमडून पोटाशी येतो. नात म्हणते, आजोबा, हात दुखतोय का. दुखत नाही. खाली सोडवत नाही, एवढंच.