फळीची पलीकडची बाजू

अमरावतीत घराच्याच पुढच्या खोलीत आमचं दुकान आहे. तिथे मी आणि माझा थोरला भाऊ फोटोच्या सागवानी चौकटी करायचो. माझं लग्न झालं नाही. दादा-वहिनीचा संसार तोच माझा संसार.

चौकटीत सगळ्यात अवघड असतो तो कोपरा. दोन पट्ट्यांची तोंडं तिरपी कापून एकमेकांना भिडवायची, मधे केस जाईल एवढीसुद्धा फट राहायला नको. नुसत्या करवतीनं ते साधत नाही. त्यासाठी आमच्याकडे एक फळी होती, तिच्या मधोमध तिकोनी ठोकळा ठोकलेला. पट्टी ठोकळ्याला टेकवायची, रंधा आडवा पाडून फळीच्या कडेनं सरकवायचा आणि कापलेलं तोंड साफ करायचं. रंध्याचा दाब ठोकळ्याकडे गेला पाहिजे, नाही तर लाकडाची कड तुटते. म्हणून पट्टीचं उजवं टोक अलीकडून रंधायचं आणि डावं पलीकडून; पलीकडे उभं राहिलं की रंधायची कड डाव्या हाताला येते.

दादा डावखुरा. त्यामुळे आमची जोडी आपोआपच जमली होती. फळीच्या या टोकाला मी, त्या टोकाला तो. मी उजव्या हातानं माझा भाग करून रंधा त्याच्याकडे सरकवायचो, तो डाव्या हातानं त्याचा करायचा. दिवसभर समोरासमोर उभं राहून आम्ही फारसं बोलतही नव्हतो. "जास्त गेलं," एवढं तो म्हणायचा, किंवा "बस."

मग दादाला लकवा मारला. डावी बाजूच गेली. अकोल्याची पुतणी येऊन दादा-वहिनीला आपल्याकडे घेऊन गेली. तिथे दवाखाना जवळ होता, आणि इथे आजारी माणसाचं करायला मी एकटा पुरलो नसतो. ते बरोबरच होतं. पण गाडी निघून गेल्यावर मी दुकानात आलो तर काय करावं तेच सुचेना. संध्याकाळपर्यंत स्टुलावर बसून राहिलो.

चौकटी मी बंदच केल्या. पाट, स्टूल, कपडे वाळत घालायचे स्टँड, असं सरळ जोडांचं काम घेत राहिलो. लोक विचारायचे, "काहून, फ्रेमा नाई करत आता?" मी म्हणायचो, "एकट्याचं काम नाही ते."

पुढे आई-बाबांच्या फोटोची काच फुटली, चौकटही उकलली होती. हा फोटो बाहेर कुठे द्यायला मन होईना. मग एका दुपारी मी फळीच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो. डाव्या हातात रंधा धरला. तो हात माझा नाहीच असं वाटत होतं. रंधा उड्या मारायचा, पट्टीची कड तुटायची. पट्ट्या आखूड होत होत वाया गेल्या. पण कोणी वाट पाहत नव्हतं, जेवायला हाक मारत नव्हतं, वेळच वेळ होता. हळूहळू हात वळला. शेवटी चारही कोपरे मिटले, तेव्हा फोटो आत बसवून, चौकट कापडात गुंडाळून मी अकोल्याची बस धरली.

दादा खाटेवर बसून होता. त्यानं चौकट मांडीवर घेतली आणि उजव्या अंगठ्यानं एकेक कोपरा चाचपला.

"माही बाजू कोनं केली?"

"मीच. तुह्या जागेवर उभा राहून."

त्यानं चौकट उलटी करून पाहिली. मग म्हणाला, "म्हंजे आता मी नसलो तरी चालते."

त्यानं पुतणीला चौकट भिंतीवर लावायला सांगितली आणि तोंड खिडकीकडे केलं. जेवताना अर्धीच पोळी खाल्ली.

निघताना वहिनी जिन्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, थोडी वाकडीतिकडी झाली असती ना, तर बरं झालं असतं. हे दिवसभर तुमच्यावर खेकसले असते."

परतीच्या बसमध्ये मी तेच वाक्य घेऊन बसलो होतो.

चौकटींचं काम मी पुन्हा घेऊ लागलो होतो; पुढच्या खेपेला एका गिऱ्हाइकाच्या चौकटीचा न बसलेला जोड पिशवीत घेऊन गेलो. तो खरंच बसत नव्हता, लाकडाची शीर, म्हणजे रेषांची धाव, उलटी होती. दादानं दोन्ही तुकडे चांगल्या हातानं आणि गुडघ्यानं जुळवून पाहिले.

"गधड्या, रंधा दाबून राहिला तू. दाबू नको. पातं बारीक काढ अन् नुसता जाऊ दे त्याले." मग डोळे बारीक करून म्हणाला, "मुद्दाम आनला का?"

"नाही रे दादा."

"मंग ठीक हाय."

जेवताना त्यानं पोळी जास्तीची मागून घेतली.

अमरावतीला आल्यावर मी त्यानं सांगितलं तसंच केलं. जोड बसला. फोन लावून त्याला कळवलं. "हं," म्हणाला, आणि फोन पुतणीकडे दिला. ती घाईत होती. चौकटीला गोंद लावून मी ती बाजूला ठेवली, दुकानाचं दार ओढून घेतलं आणि एकट्यापुरता भात टाकला.