पूर्वेला तोंड केलेलं इंजिन

जतीनने बाबल्याला पहिल्यांदा पाहिलं ते तलासरीच्या हायवेवर, दुरुस्तीला उभ्या एका ट्रकखाली, आणि तेही फक्त गुडघ्यापर्यंत. पाऊण तास तो त्या दोन तळपायांशीच बोलत होता. पाय नीट ऐकून घेत, अंगठा हलवून होकार देत. उरलेला बाबल्या बाहेर आला तेव्हा जतीनला तो जरा अनावश्यकच वाटला. गाडीच्या कामाची बोलणी पायांशी कधीच पक्की झाली होती.

२०१६चा जानेवारी. जतीनच्या चिखले गावच्या चिकूवाडीत त्याची जुनी फियाट बाबल्याच्या हातून नाशिकच्या शर्यतीसाठी नव्याने उभी राहत होती: मोठे पिस्टन, दोन कार्बोरेटर. रविवारी इंजिन सुरू झालं नाही तर सोमवारी गाडी मुंबईच्या मिस्त्रीकडे, असं जतीनच्या वडिलांनी, रामनाथभाईंनी, बजावलं होतं. बाबल्याने ते हसण्यावारी नेलं, पण त्या आठवड्यात त्याला जेवण जात नव्हतं.

रविवारी सकाळी त्याने पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा धरून इंजिन हाताने फिरवलं. आतल्या हवेने अंगठा उडवला, पिस्टन वर आल्याचं सांगणारी पुलीवरची पांढरी खूण जुळली. आता प्लगांना वेळेवर ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर बसवायचा, एवढंच उरलं.

तेवढ्यात जतीनच्या आई रखमाबाई पूजेचं ताट घेऊन आल्या. "तोंड पश्चिमेला? पूजा इंजिनाची आहे की समुद्राची?"

चौघांनी ढकलून गाडी पूर्वेला वळवली. घाईत गिअर कोणी काढलाच नाही. प्लग काढलेले, त्यामुळे गाडी निमूट चालली आणि आत इंजिन मनसोक्त फिरलं. बाबल्याने खूण पुन्हा जुळवली, डिस्ट्रिब्युटर बसवला, प्लग लावले. नारळ फुटला. जतीनने चावी फिरवली.

कार्बोरेटरमधून हातभर जाळ निघाला. झेंडूचा हार करपला. कोंबड्या थेट कुंपणापलीकडे.

"देवाला हार पोचला," बाबल्या म्हणाला, पण चेहरा पडला होता. रामनाथभाई फोनवर मुंबईचा नंबर शोधू लागले.

बाबल्याने प्लग काढून पुन्हा अंगठा ठेवला. खूण जुळली, डिस्ट्रिब्युटर ठिणगी द्यायला तयार, पण अंगठा जागचा हलला नाही. तो खाली बसून हसत सुटला. खूण दर फेरीला जुळते, ठिणगी मात्र एकाआड एक, हवा दाबली जाते त्याच फेरीला हवी. ढकलाढकलीत इंजिन एक फेरी पुढे गेलं होतं.

"काकी, तुमचा देव पूर्वेला, माझी ठिणगी पश्चिमेला."

"मग फिरव तिला. मी ताट पुन्हा आणणार नाही."

त्याने डिस्ट्रिब्युटर उचलून अर्धा वळसा देऊन बसवला, प्लग लावले. या वेळी इंजिन असं गरजलं की रामनाथभाईंच्या हातातला फोन आपोआप खिशात गेला. रखमाबाईंनी बाबल्याच्या कपाळाला कुंकू लावलं. ग्रीसमध्ये ते दिसलंच नाही.

शर्यतीत गाडी चौदांत अकरावी आली, आणि पुढच्या वर्षी जतीनने ती विकली.