इरफानच्या ताटातली दुसरी भाजी

बातमी आली तेव्हा मी मिलमध्ये होते. सावलीला माझी राइस मिल आहे. धानाचा हंगाम भरात होता आणि मशीन सुरू असलं की फोनवरचं काही ऐकू येत नाही, म्हणून मी बाहेर अंगणात येऊन फोन घेतला. पलीकडे इरफानचे भाऊजी होते, कोरपन्याहून. ‘सुनंदाताई, इरफान गेला,’ आधी एवढंच बोलले. मग हळूहळू सगळं सांगितलं. नागपूरहून नागभीडला घरी येताना, भिवापूरच्या पुढे, त्याची कार उभ्या ट्रकवर गेली होती. दिवसाउजेडी, कोरड्या, सरळ रस्त्यावर. ब्रेक दाबल्याची खूणसुद्धा नव्हती… मी आत जाऊन काय झालं ते सांगितलं आणि मशीन बंद करायला लावलं. एवढ्यात धान घेऊन आलेल्या एका गृहस्थानं, मेलेला माणूस माझा शाळेपासूनचा मित्र आहे हे ठाऊक असून, मान हलवत म्हटलं, ‘विमान उडवणारा माणूस, अन् त्याले साधी कार नाई सांभाळता आली?’ मी त्याची पोती परत गाडीत चढवायला लावली. त्याचं धान त्या दिवशी घेतलं नाही, आणि पुढेही घेणार नाही.

हे वाक्य मग मयतीत ऐकलं, बाजारात ऐकलं, बँकेच्या रांगेत ऐकलं. म्हणून लिहायला बसले आहे. लेखणी माझं काम नाही, पण गप्प बसणं तर त्याहून नाही.

इरफानच्या अब्बांचं नागभीडच्या बाजारात शिलाईचं दुकान होतं. आमच्या अख्ख्या शाळेचे गणवेश त्यांच्या हातचे. माझ्या फ्रॉकची बाही एकदा लांबडी झाली तर इरफाननं वर्गात मला ‘हत्तीण’ म्हणून चिडवलं होतं आणि मी त्याची पाटी फोडली होती. तिथून आमची दोस्ती. पुढे तो पायलट झाला. त्यासाठी त्या घरानं काय काय सोसलं ते मी जवळून पाहिलं आहे, पण ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून मीही लिहीत नाही. तो कॅप्टन झाला तेव्हा अब्बांनी हट्टानं त्याचा पांढरा शर्ट स्वतः शिवला. खांद्यावर पट्ट्या अडकवायचे बंद स्वतःच्या हातानं बसवले आणि चार सोनेरी पट्ट्या त्यात सरकवून पाहिल्या. कॅप्टनच्या खांद्यावर चार पट्ट्या असतात, को-पायलटच्या तीन. नागभीडमध्ये हे तेव्हा पानठेल्यावरच्या माणसालाही पाठ झालं होतं, कारण स्टेशनच्या चौकात इरफानच्या फोटोचा फ्लेक्स लागला होता. अब्बा येता-जाता तिथे उभे राहायचे. ते गेले तेव्हा तो फ्लेक्स उन्हानं पांढरा पडला होता, तरी कोणी काढला नव्हता.

आता त्याची एक सवय सांगते. सावलीला माझ्याकडे जेवायला आला की ताटावर बसण्याआधी विचारायचा, ‘मालकीणबाई, तू काय घेऊन राह्यली?’ मी म्हटलं वांगं-पोपट, म्हणजे वांगं आणि वालाच्या शेंगा, की तो पाटोडीचा रस्सा घ्यायचा. मी पाटोडी घेतली, तर तो वांगं. सुरुवातीला मला वाटलं, मुंबई-दिल्लीची हवा लागली, नखरे आले. एकदा चिडून म्हटलं, ‘काऊन रे, माझ्या ताटातलं तुले चालत नाई का?’ तर पोट धरून हसला. म्हणाला, विमानात कॅप्टन आणि को-पायलट एकच जेवण कधी घेत नाहीत. अन्न बाधलंच तर एकाला बाधावं, दुसऱ्यानं विमान खाली उतरवावं. ‘दोघातला एक तरी धड राह्यला पाहिजे न बाई. आता घरी बी तसंच होते, हात आपोआप दुसऱ्या भांड्याकडे जाते.’ तेव्हापासून तो येणार असला की मी दोन भाज्या करायची.

गेल्या वर्षी अम्मीला अर्धांगाचा झटका आला. डावा हात कामातून गेला. बहीण कोरपन्याला, तिच्या संसारात. इरफानची कंपनी त्याला महिना-महिना दूरच्या शहरांतून फिरवायची, त्यातही रात्रीच्या फेऱ्या जास्त. नेमकं तेव्हाच दुसऱ्या एका कंपनीचं बोलावणं आलं. तिथे मुक्काम नागपूरला, सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. घरून अम्मीकडे बघता आलं असतं. फक्त एक अट होती. तिथल्या रांगेत तो सगळ्यांच्या मागे लागणार, काही काळ पुन्हा को-पायलट म्हणून उजव्या खुर्चीत बसणार. चारच्या तीन पट्ट्या.

झालं! जणू अख्ख्या गावाच्याच घरात चोरी झाली. भाऊजी म्हणाले, ‘लोक म्हणतीन, काहीतरी भानगड केली म्हणून खाली उतरवलं.’ ज्यांनी फ्लेक्स लावला होता ते घरी येऊन बसले, ‘नागभीडची इज्जत आहे भाऊ.’ अहो, ज्यांनी जन्मात विमानतळ पाहिला नाही ते त्याच्या खांद्यावरच्या पट्ट्या मोजत होते, आणि अम्मीला पाणी कोण देतं हे एकानंही विचारलं नाही! इरफान माझ्याकडे आला. मग म्हणाला, ‘सुनंदा, अब्बानं तो शर्ट चार पट्ट्यांसाठी शिवला होता.’ मी म्हटलं, ‘अब्बानं शर्ट तुझ्यासाठी शिवला होता, येड्या. पट्ट्या सरकवता येतेत न? मंग एक काढून ठेव. अन् गावाले सांग, मालकीणबाईले येऊन विचारा.’ तो हसला आणि त्या दिवशी दोन्ही भाज्या घेतल्या. मी म्हटलं, आज कायदा मोडला? म्हणाला, ‘आज सुट्टी आहे.’

त्यानं राजीनामा दिला. पण कॅप्टनला वर्षभराची नोटीस असते. गडी सोडून चालला म्हटल्यावर कंपनीनं त्याला बरोबर हेरून हेरून रात्रीच्या फेऱ्या लावल्या. दोन रात्री उडायचं, दिवसा हॉटेलात पडदे ओढून झोप येण्याची वाट पाहायची, पुन्हा रात्री उडायचं. मी फोनवर म्हणायची, अरे सांग न त्यांना, थकलो म्हणून. तो म्हणायचा, ‘सांगतो न. पण रिलीजचा कागद त्यांच्याच हातात आहे बाई, त्याच्याशिवाय दुसरीकडे घेत नाई.’

तो गेल्यावर त्याच कंपनीनं शोकसंदेश पाठवला. चार पट्ट्यांचा फोटो, आणि खाली, आमचे लाडके कॅप्टन आता अनंत आकाशात भरारी घेत आहेत. भाऊजींनी फोन केला तेव्हा तिथल्या साहेबानं गोड आवाजात सांगितलं की अपघात ड्युटी संपल्यावर झाला, त्याच्याशी कंपनीचा संबंध येत नाही. अनंत आकाशात म्हणे! भिवापूरच्या रस्त्यावर मेला तो, झोपेनं मेला, आणि ती झोप तुम्ही त्याच्याकडून काढून घेतली होती.

तो गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, चाळिसाव्याला, नागभीडला गेले. तिथे एक मुलगी आली होती, शेवटच्या फेरीची त्याची को-पायलट. ती अजून त्याच कंपनीत आहे, म्हणून नाव लिहीत नाही. मागच्या खोलीत माझ्याजवळ बसली आणि ओढणीचं टोक पिळत सांगू लागली. त्या रात्री निघण्याआधी इरफाननं तिला विचारलं होतं, ‘झोप झाली का?’ ती म्हणाली, ‘नाही सर.’ तो म्हणाला, ‘मग आज आपण दोघांनी एकच खाल्लं.’ आणि त्यानं ऑफिसला फोन करून सांगितलं, आम्ही दोघंही थकलेले आहोत. तिकडून उत्तर आलं, कॅप्टन, तुम्ही तर चाललाच आहात, शेवटचे दिवस नीट काढा, उगाच तुमचे कागद अडकायला नकोत. निघाले दोघं. सकाळी नागपूरला विमान अलगद उतरवलं त्यानं. मागची माणसं बॅगा घेऊन निघून गेली, त्यांना काय माहीत? मग त्यानं हिला ऑटोत बसवलं, आधी झोप काढ असं बजावलं आणि स्वतः कारकडे गेला, अम्मी वाट पाहते म्हणून…

मी विचारलं, ‘आता तू काय करणार?’ ती म्हणाली, तिलाही त्या दुसऱ्या कंपनीचं बोलावणं आहे, पण इथे चौथी पट्टी मिळायला थोडंच राहिलंय, घरचे थांब म्हणतात. माझं डोकंच फिरलं. ‘पोरी,’ म्हटलं, ‘तुझ्या घरच्यांचा नंबर दे, मी बोलते त्यांच्याशी!’ ती रडता रडता हसली. नंबर मात्र तिनं दिला नाही.

तेवढ्यात बाहेरून इरफानच्या बहिणीनं हाक मारली. फातेहाच्या प्रार्थनेसाठी ताट मांडायचं होतं. गेलेल्याच्या आवडीचं जे असेल ते त्यात ठेवतात. बकऱ्याचं सालन होतं, वांगं-पोपट होतं. बहीण म्हणाली, ‘इरफानले काय आवडत होतं?’ भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मी त्या मुलीकडे. इतकी वर्षं आमच्यासोबत जेवला, पण आम्ही जे घेतलं नाही तेच त्यानं घेतलं. त्याला काय आवडतं हे आम्हांला कोणालाच सांगता येईना. अम्मी खाटेवर बसून होती. म्हणाली, ‘बचपन का मालूम है बेटी, बाद का नाई.’ मग तिनं उजवा हात पुढे केला, आधी स्वतःसाठी ताटली मागितली आणि सालन वाढून घेतलं. मला म्हणाली, ‘मी हे घेतलं. आता त्याच्या ताटात दुसरं वाढ.’

मी वांगं वाढलं.