लायसन्सवाली आणि पिक्चरवाली

ग्रंथपालाकडे पुस्तकांपेक्षा किस्सेच जास्त साचतात. पुस्तकं निदान कोणी घरी तरी नेतं! माझे निम्मे किस्से शोभाचे. ती कनेरगाव नाक्याची ग्रंथपाल, मी पुसेगावची. जळते का मी तिच्यावर? व्हय, जळते!

*

ट्रेनिंगमध्ये सर समजावत होते : डीव्हीडी विकत घेतली म्हणून वाचनालयात सगळ्यांना सिनेमा दाखवता येत नाही, निर्मात्याचं लायसन्स लागतं. शोभानं हात वर केला.

"सर, तिकीट न्हाई लावलं तर?"

"तरी लागतं."

"आन् वरून चहा पाजला तर?"

सरसुद्धा हसले! सगळं नीट ऐकलं मी, पण जाताना सरांनी नाव विचारलं ते तिचं.

*

गावी येऊन बाईनं सरळ पेनड्राइव्ह लावला. दर शनिवारी पिक्चर, हॉल गच्च! मी रीतसर परवानग्या मागत बसले. मिळाली ती माती परीक्षणाच्या माहितीपटाची. प्रेक्षक दोन : आमचा शिपाई आणि माझ्या सासूबाई.

माहितीपट संपला, लाइट लावले. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, आता पिक्चर लाव की!"

*

बाबूरावकाका आमचे रोजचे वाचक. एका शनिवारी आलेच नाहीत. तब्येत विचारायला फोन केला, तर मागून ढिशूम-ढिशूम! कनेरगावात पहिल्या रांगेत बसलेले!

"काका, तुमी तिकडं काहून? आपल्याकडं बराबर लायसन्स हाय."

"लायसन्स हाय गं पोरी, पिक्चर कुठं हाय?"

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. एकदा, फक्त एकदा मला माझा हॉल भरलेला बघायचा होता हो!

*

मग काकांकडून पिक्चरचं नाव काढून घेतलं आणि थेट त्याच्या निर्मात्यालाच फोन लावला.

"सर, कनेरगावला तुमचा पिक्चर विनापरवानगी दाखवून राहिले!"

"माणसं किती होती?"

"उभं राहायला जागा न्हवती, सर!"

ते म्हणाले, "थिएटरमधून तर लगेच उतरवला होता हो. पत्ता सांगा."

मी खाणाखुणांसकट सांगितला! गावानं तोच पिक्चर पुढच्या शनिवारी परत मागितला होता. मजा बघायला मी मुद्दाम गेले.

निर्माते आले. शोभा पांढरीफटक पडली. ते मात्र मागे गर्दीत उभे राहून अख्खा पिक्चर बघत होते, डोळे पुसत होते. संपल्यावर त्यांनी माइक घेतला.

"माझे सगळे पिक्चर इथं फुकट दाखवा, लायसन्स आत्ताच लिहून देतो. आणि पुसेगावच्या ज्या ताईंनी मला फोन केला, त्या कुठं आहेत?"

टाळ्यांचा कडकडाट! शोभा धावत येऊन माझ्या गळ्यातच पडली.

"माझ्यासाठी एवढं केलंस, आन् एका शब्दानं बोलली न्हाईस?"

"आगं, त्यात काय!" मी म्हणाले.